राणीछाप रुपया आणि एक प्रेमकथा

भाकरी थापून झाल्या असतील तर निवांत बसा, झाल्या नसतील तर थापता थापता ऐका.

आज आम्ही तुम्हाला प्रेमकथा कशी लिहायची ते सांगणार आहोत. हसलात ना? आम्हीही हसलो होतो. आमच्या गटातल्या सहा जणींनी मिळून रेडिओसाठी एक श्रुतिका लिहिली. श्रुतिका म्हणजे कानानं बघायचं नाटक. ती होती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, म्हणजे आपल्या पणजी-खापरपणजीच्या काळातली, आणि होती हलकीफुलकी. बचत गटाचा हिशोब, खताची माहिती, लसीकरण हे सगळं रेडिओवर झालं होतं. एक जण म्हणाली, "आता एखादी गोड गोष्ट करू की. बायांना हसायला काय बंदी आहे का?" तिथून सुरुवात झाली. लिहिताना काय फसलं, काय जमलं, ते ऐकलंत तर तुमच्या गटालाही अशी गोष्ट लिहिता येईल.

गाठोड्यातला रुपया

आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंच्या गाठोड्यात एक चांदीचा रुपया होता. राणीछाप. एका बाजूला मुकुट घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला साल. दहावीतल्या पोरीनं त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि शाळेत विचारून आली. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसली आणि १९०१ मध्ये वारली. १८७७ मध्ये तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून नाण्यावर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' आलं. दिल्लीत तो मोठा दरबार भरला तेव्हा इकडे दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ चालू होता. एका रुपयात एवढं सगळं निघालं.

मग कळलं की तुळजापूर राणीच्या राज्यात नव्हतंच! आपला मुलूख हैदराबादच्या निजामाचा. मध्ये १८५३ ते १८६० एवढी वर्षं नळदुर्गचा भाग इंग्रजांकडे होता, मग तो परत निजामाकडे गेला. जिल्हासुद्धा तेव्हा नळदुर्गचा. सोलापूर मात्र इंग्रजी मुलखात. तिथं १८६० मध्ये आगगाडी आली आणि १८७७ मध्ये कापडाची गिरणी सुरू झाली, जिला लोक पुढं जुनी गिरणी म्हणू लागले.

म्हणजे सोलापुरात इंग्रजांचा रुपया, त्याला म्हणायचे कलदार. आपल्याकडे निजामाचा रुपया, त्याला म्हणायचे हाली. कलदाराचा भाव हालीपेक्षा जास्त. एक देऊन दुसरा घ्यायचा तर मधला फरक मोजावा लागे, त्याला बट्टा म्हणत. हा बट्टा लक्षात ठेवा, पुढं आमची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे.

शोधता शोधता आणखी एक गंमत सापडली. १८५३ ते १८५७ या काळात नळदुर्गला मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी कारभार बघायला होता. विलायतेला परत गेल्यावर १८६३ मध्ये त्यानं 'तारा' नावाची तीन खंडांची इंग्रजी कादंबरी छापली. ती शिवकाळात घडते आणि तिची नायिका कोण, तर तुळजापूरच्या एका शास्त्र्याची मुलगी, बालविधवा. विलायतेतल्या बायांनी दीडशे वर्षांपूर्वी आपल्या गावच्या पोरीची गोष्ट वाचली आणि आपण तिचं नावही ऐकलं नव्हतं. साहेबानं घोड्यावरून जेवढं दिसलं तेवढं लिहिलं. चुलीपाशी काय बोललं जायचं ते त्याला कुठून ऐकू येणार? ते आपल्याला लिहिता येतं.

नियम असला की गंमत येते

इंग्लंड-अमेरिकेत राणीच्या काळावरच्या हलक्याफुलक्या प्रेमकथा आजही ढिगानं छापल्या जातात आणि बायका त्या आवडीनं वाचतात. बग्गी, नाचाचा कार्यक्रम, चुकीच्या हाती पडलेली चिठ्ठी, दोघांचा गैरसमज आणि शेवटी लग्न. त्या गोष्टी कशावर चालतात? नियमांवर. त्या काळात बड्या घरच्या लग्नाच्या मुलीनं परक्या पुरुषाशी एकटीनं बोलायचं नाही, सोबत कोणीतरी वडीलधारी बाई पाहिजे. मग त्या बाईचा डोळा चुकवण्यात सगळी मजा.

आम्ही म्हटलं, नियमांचा तोटा आपल्याकडे तरी कुठे होता? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. सासऱ्यासमोर बसायचं नाही. दिवसाउजेडी नवरा-बायकोनं चार माणसांत एकमेकांशी बोलायचं नाही. आजही आपल्यातल्या कितीतरी जणी नवऱ्याला "अहो ऐकलं का", "पिंटूचे पप्पा" अशाच हाका मारतात. नाव घ्यायचं नाही म्हणून तर उखाणा आला. जिथं तोंड बंद, तिथं बाई दुसरी वाट काढते, आणि त्या वाटेवरच हसू सापडतं.

तेव्हा पहिला धडा असा. गोष्ट लिहायला बसलात की आधी त्या काळचे दहा नियम लिहून काढा. मग विचारा, हा नियम मोडायचा नाही पण मनातलं सांगायचं आहे, तर ती काय करील? याचं उत्तर म्हणजे तुमचा पहिला प्रसंग.

पहिला खर्डा का फाडला

आता आमची चूक सांगतो. पहिल्या खर्ड्यात आमची नायिका नऊ वर्षांची होती. त्या काळी लग्नं तशीच व्हायची, म्हणून आम्ही ते धरूनच चाललो. नवरा सतरा वर्षांचा. ती बाहुली घेऊन सासरी येते, नवऱ्याला म्हणते, "माझ्यासंगं भातुकली खेळता का?" आम्ही लिहिताना हसून हसून लोळलो.

मग तो खर्डा गटात वाचून दाखवला. आमच्यात ऐंशीच्या पुढच्या एक आज्जी आहेत. सगळ्या हसत होत्या, आज्जी गप्प. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मी बाहुली घेऊन न्हवते आले गं. आईचा पदर धरून आले हुते. त्यो पदर सोडवून घेतला माज्या हातातनं. तुमी हसायलाव कशाला?"

कोणाला काही बोलता येईना. आमच्या समोरच बसलेल्या आज्जीला आम्ही विसरलो होतो. आणि पुढं बसलेल्या पोरींनाही विसरलो होतो. आपल्या भागात आजही ऊसतोडीला जायच्या आधी चौदा-पंधराच्या पोरीचं लग्न उरकून टाकणारी घरं आहेत. त्या पोरीची आई आमची श्रुतिका ऐकून म्हणाली असती, "बघ, पूर्वी नवव्या वर्षी लग्न व्हायचं आणि किती गोड चालायचं." आमची गोड गोष्ट त्या पोरीच्या गळ्यात पडली असती. त्याच दिवशी खर्डा फाडला.

कोणावर हसायचं?

मग आम्ही वाचायला लागलो. त्या काळी लहान मुलींचं काय होत होतं हे सरकारदरबारीही माहीत होतं. १८९० मध्ये कलकत्त्यात एक खटला चालला. फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली होती. त्यानंतर १८९१ मध्ये इंग्रजी मुलखात कायदा झाला आणि मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं, म्हणजे त्याआधी नवऱ्यानंसुद्धा तिच्याशी संबंध ठेवू नये असं ठरलं. फक्त बारा! तरीही त्या कायद्यावरून केवढा गदारोळ उठला. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं. अठरा आणि एकवीस व्हायला १९७८ साल उजाडलं.

मग त्या काळावर हसायचंच नाही का? तसंही नाही. त्या काळच्या लोकांनीच आपल्याला हसायला शिकवलंय.

रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ मध्ये झालं. त्या अकरा वर्षांच्या, न्यायमूर्ती रानडे एकतीस. रात्री नवरा शिकवायचा आणि दिवसा घरातल्या बाया शिकते म्हणून टोमणे मारायच्या. रमाबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९१० मध्ये छापल्या गेल्या. २०१२ मध्ये 'उंच माझा झोका' ही मालिका आली, तीतली छोटी रमा तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल.

लक्ष्मीबाई टिळकांचंही लग्न लहानपणीच, अकराव्या वर्षी झालं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक १९३० नंतर भागाभागानं निघालं. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, नवऱ्याचा तापट आणि विसरभोळा स्वभाव, स्वतःची फजिती, या सगळ्यावर त्या इतकं मोकळं हसतात की वाचणारीच्या डोळ्यांत पाणी येतं. आम्ही त्यातून एक गोष्ट उचलली. जिनं सोसलं, तिनं स्वतः केलेला विनोद वेगळा. ती हसली म्हणून आपण तिच्याबरोबर हसायचं. आपणच बाहेरून तिच्याकडे बघून हसायचं नाही.

तिसरं उदाहरण 'संगीत शारदा'चं. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं, राणी जिवंत असतानाच. पैशाच्या लोभानं बाप आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याला द्यायला निघतो. विषय केवढा जड! पण नाटकात लोक पोट धरून हसले. कोणाला हसले? नवरदेव व्हायला निघालेल्या म्हाताऱ्याला, लोभी बापाला, मध्ये दलाली खाणाऱ्या भटजीला. शारदेला कोणी हसलं नाही. आणि शेवटी ती सुटते.

हा आमचा दुसरा धडा झाला, आणि आमच्या मते हाच सगळ्यांत मोठा. हलकी गोष्ट लिहायची तर लिहा, पण हसू नेहमी जोर असणाऱ्यावर काढा. जिच्या हातात काहीच नाही, तिच्यावर नको.

नायिका मोठी केली

आता पंचाईत अशी की त्या काळात लहानपणी लग्न न झालेली, मोठी, स्वतःच्या मनानं चालणारी नायिका आणायची कुठून? उत्तर आज्जींनीच दिलं. "पाटाची करा की."

नव्या पोरींना हा शब्द माहीत नसेल. ब्राह्मणांत आणि काही वरच्या म्हणवणाऱ्या घरांत विधवेनं पुन्हा लग्न करायचं नाही असा दंडक होता. १८५६ मध्ये इंग्रजी मुलखात विधवाविवाहाचा कायदा झाला, पण लोक मानत नव्हते. १८९३ मध्ये पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पण शेतकरी आणि कारू-नारू लोकांतल्या कितीतरी जातींत विधवेचं दुसरं लग्न चालायचं. पहिलं ते लग्न, दुसरं तो पाट. कुठे त्याला मोहतूर म्हणत. बहुधा रात्री लावायचे, वाजंत्री नाही, मांडव नाही, चारचौघांत मिरवणं नाही.

म्हणजे १८९० सालीही आपल्या गावात बावीस वर्षांची, चार पावसाळे बघितलेली बाई पुन्हा मन लावू शकत होती. ही खोटी सोय नाही, खरा इतिहास आहे. आमची नायिका मिळाली.

पण पाटाला किंमत होती, ती लपवायची नाही. पाट लावला की पहिल्या घरच्या मिळकतीवरचा हक्क जाई. १८५६ च्या कायद्यातही तेच लिहिलं होतं. मुलं असली तर ती बहुधा पहिल्या घरीच राहत. ही किंमत गोष्टीत असली की हसण्यालाही वजन येतं. नाहीतर नुसत्या गुदगुल्या.

आमची गोष्ट: 'बट्टा'

साल धरलं १८९०. मुद्दाम. दुष्काळ सरून बारा वर्षं झालेली, आणि मुंबईत १८९६ ला आलेली प्लेगची साथ अजून लांब. हलकी गोष्ट माणसं पटापट मरत असलेल्या वर्षात बसवू नका, मन मानत नाही.

सगुणा बावीस वर्षांची. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. देवळाच्या वाटेवर सासऱ्याच्या जागेत कवड्यांच्या माळा आणि परड्या विकायला बसते. केरबा गाडीवान. सोलापूरच्या स्टेशनातनं उतरलेली यात्रा बैलगाडीनं तुळजापूरला आणतो. चौदा कोसांची वाट, मध्ये एक मुक्काम.

पहिला प्रसंग नवरात्रातला. केरबा आईसाठी माळ घेतो आणि राणीछाप रुपया पुढं करतो.

"दादा, ह्यो राणीचा. हितं हाली चालतंय."

"चांदी ती चांदीच की, बाई."

"चांदी चांदीच. पर बट्टा कुणाच्या बापाचा?"

केरबाला हिशोब येत नाही. सगुणा समोर कवड्या मांडून बट्टा काढून दाखवते. सुटे देताना तिच्याकडे दोन पैसे कमी पडतात. ती म्हणते, "फुडल्या खेपंला घिऊन जा, मी कुणाचं ठिवत न्हाई." आणि भिंतीवर कोळशानं दोन रेघा ओढते. पुढच्या आठवड्यात केरबा हजर. यात्रा नाही, गाडी रिकामी. चौदा कोस आलाय दोन पैशांसाठी!

तो दर खेपेला राणीछाप रुपयाच आणतो, म्हणजे बट्टा निघेल आणि काहीतरी बाकी राहील. हालीचे रुपये त्याच्या कमरेच्या कशात असतात, पण तो ते काढत नाही.

दुसरा प्रसंग नाक्यावरचा. निजामाच्या हद्दीत माल आणायचा तर जकात भरावी लागे, त्या खात्याला करोडगिरी म्हणत. केरबानं सोलापुरात एक छोटा आरसा घेतलाय. नाक्यावरचा कारकून विचारतो, "कोणासाठी?" केरबा म्हणतो, "भणीसाठी." कारकून त्याच्याच गावचा निघतो. "तुला कवापासनं भण झाली रे?" केरबा घामाघूम. शेवटी तोंडातून निघतं, "माळवाल्या बाईसाठी." झालं. संध्याकाळपर्यंत मागच्या सगळ्या गाड्यांना कळतं आणि दुसऱ्या दिवशी सगुणाच्या शेजारणीला.

तिसरा प्रसंग शेजारीण सगुणाला बजावते तो. "सगुणे, नावाला बट्टा लागंल गं." सगुणा कवड्या ओवत म्हणते, "मावशे, बट्टा कसा काडायचा ते मला येतंय." हे वाक्य लिहिलं तेव्हा आमची गोष्ट खरी उभी राहिली.

यात एक धागा आम्ही मुद्दाम ओवला, हाकेचा. पहिल्या दिवशी सगुणा त्याला रीतीप्रमाणे "दादा" म्हणते. केरबाला ते पहिल्यांदा गोड लागतं, मग टोचायला लागतं. तो काकुळतीनं म्हणतो, "मला दादा म्हणू नगा. मला भण न्हाई, हे नाक्यावर लिवून घेतलंय." मग ती "गाडीवान" म्हणते. एक दिवस बैल उधळतात आणि तिच्या तोंडून निघून जातं, "अवं, संबाळा!" तो "अवं" ऐकून केरबा बैल सोडून तिच्याकडेच बघत राहतो. आपल्या बायांना यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

किंमतही आली. सासरा म्हणतो, पाट लाव, पण जागा आमची. सगुणा रात्रभर विचार करते. सकाळी सासू मध्ये पडते, सासऱ्याला म्हणते, "जागा ठिवा. हिशोब तिला येतो, जागंला येत न्हाई." सगुणाची जागा जातेच. ती समोरच्या बाजूला गोणपाट टाकून बसते. चार दिवस गिऱ्हाईक येत नाही, मग हळूहळू येतं. पाट रात्रीचा, वाजंत्री नाही, एक कंदील तेवढा. पण सासूच हळूच म्हणते, "नाव तर घे." आणि सगुणा घेते:

"राणीचा रुपया खणखणीत, हालीचा रुपया गोल,
दोन पैशांसाठी येऊन केरबानं केलं माझ्या शब्दाचं मोल."

काळाची भेसळ कशी टाळायची

ज्वारीत खडे निवडतो तसे गोष्टीतले खडे निवडावे लागतात. आमच्या पहिल्या खर्ड्यात केरबा सोयाबीनच्या रानात उभा होता! आज बघावं तिकडे सोयाबीन, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. १८९० ला सोयाबीन कुठलं? ज्वारी, तूर, करडई, जवस. सगुणा त्याला चहा देत होती, पण चहा तेव्हा खेड्यात रुळला नव्हता. मग गुळाचा खडा आणि पाणी दिलं. भाकरीबरोबर टोमॅटोची चटणी होती, ती काढून जवसाची केली. पाचवारी साडी काढून नऊवारी लुगडं नेसवलं. एका ठिकाणी "उस्मानाबादला जाऊन आलो" असं वाक्य होतं. ते नाव मीर उस्मान अली या शेवटच्या निजामावरून नंतर पडलं. म्हणून आमचा केरबा धाराशिवलाच गेला.

खडे निवडायची सोपी रीत म्हणजे म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवणं. "तुमच्या आजीच्या घरात हे होतं का?" एवढंच विचारायचं. नाही म्हणाल्या की काढून टाकायचं.

आवाजांची सोय घरातच होते. बैलांचे घुंगरू, जात्याची घरघर, कवड्यांचा खुळखुळाट. रुपयाचा आवाज मात्र आम्ही त्या खऱ्या राणीछाप रुपयाचाच घेतला, शहाबादी फरशीवर टाकून. सासूबाई शेजारी उभ्या राहून दर वेळी उचलून घेत होत्या.

ऐकून काय झालं

'बट्टा' लागली तेव्हा गावोगावच्या गटांत बाया एकत्र बसून ऐकत होत्या. हसल्या भरपूर, नाक्यावरच्या प्रसंगाला सगळ्यांत जास्त. सगळ्यांना आवडली असं मात्र नाही. दोघी-तिघी म्हणाल्या, "विधवेचं लग्न असं हसत-खेळत दाखवू नये, पोरी बिघडतात." आम्ही वाद घातला नाही. आज्जीच म्हणाल्या, "पोरी बिघडायला लगीन कशाला लागतंय? नवव्या वर्षी लगीन केलं की आपसूक बिघडतंय समदं." त्यावर सगळ्या हसल्या. आज्जीही हसल्या, आणि ते हसू त्यांचं स्वतःचं होतं.

एका गावात ऐकून झाल्यावर सगळ्या उठून गेल्या, एक बाई बसून राहिली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. ती काही बोलली नाही. फक्त विचारलं, "शेवटचा भाग परत लावता का?" आम्ही परत लावला. ती ऐकून घरी गेली. पुढं काय झालं ते आम्ही विचारलं नाही आणि विचारणारही नाही. गोष्टीचं काम तिथवरच असतं.

तुमच्या गटासाठी

करायचं असेल तर अशी सुरुवात करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणा. अडकित्ता, पानाचा डबा, जुनं नाणं, कंदिलाची काच, काहीही. ती कोणाची, कुठून आली, कशी आली ते एकेकीनं सांगा. ज्या वस्तूवर सगळ्यांत जास्त बोलणं होईल, ती घ्या. मग चार गोष्टी ठरवा. साल कोणतं, नियम कोणते, नायिकेचं वय काय आणि तिनं हो म्हटलं तर तिला काय गमवावं लागेल. नायक उंचापुरा पाहिजे असं काही नाही. आमच्या केरबाला हिशोबसुद्धा येत नव्हता, तरी सगळ्यांना आवडला, कारण त्याला शिकून घ्यायची लाज नव्हती. लिहिता येत नसेल त्यांनी बोला, एकीनं लिहून घ्या. सगळं झालं की गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला आणि सगळ्यांत लहान पोरीला शेजारी बसवून वाचून दाखवा. दोघी एकाच ठिकाणी हसल्या तर गोष्ट जमली. एक हसली आणि दुसरी गप्प झाली, तर तिथं थांबा आणि गप्प झालेलीला विचारा.

आणि हो. तुमच्या आसपास अठराच्या आतल्या पोरीचं लग्न ठरत असेल तर ती गोष्ट नव्हे. त्यासाठी १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि पैसे पडत नाहीत. तो पोरींच्या वहीत लिहून ठेवा.

तो राणीछाप रुपया आता परत गाठोड्यात गेलाय. पण सासूबाई म्हणतात, दुसरी गोष्ट लिहिणार असाल तर माझ्याकडे जोडवीसुद्धा आहेत.

चला, तवा तापला असेल. नमस्कार.